चिंचेने घासलेली नाणी

फार वर्षांपूर्वी चौल बंदरात हरशेट नावाचा सराफ राहायचा. रूम देशाच्या बादशहांची, दमास्कसच्या खलिफांची, नाना टांकसाळींतली तांब्याची नाणी जमवायचं त्याला वेड. पण टांकसाळीचं नाव स्वच्छ वाचता यावं म्हणून प्रत्येक नाणं तो चिंचेने घासायचा.

एकदा त्याने बादशहाचा चेहरा असलेलं हिरवट नाणं उचललं, तर ते चक्क बोललं, "हरशेट, हा हिरवा थर काढू नका. माझा चेहरा आता तेवढ्यातच उरलाय."

"गप्प बस! लखलखीत झालंस की बघ कसं दिसतंस," म्हणत हरशेटने चिंच चोळली.

"अडवू नकोस त्याला," पेटीतली गुळगुळीत नाणी एका सुरात म्हणाली. "तूच एक घासायचं राहिलं होतंस."

हरशेटने नाणं धुतलं. नाव गेलं होतं, बादशहाही गेला होता. तांबं मात्र आरशासारखं चकाकत होतं. त्यात आपलं तोंड बघायला तो वाकला, तर त्यात कोणीच नव्हतं.

तेवढ्यात बायको ताक घेऊन ओटीवर आली. त्याला पाहताच दारातच थबकली आणि डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "हे बाहेर गेलेत वाटतं. आपण कोण?"