नगरास 'बाहेर' मिळण्याबाबत

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : वेशीच्या शिळेवर कोरलेला नियम, आणि वेशीबाहेर राहणाऱ्या एका माळिणीची विहीर.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते की, फार पूर्वी एक नगर होते. नगर लहान होते. त्याला एक राजा होता, राजाला एक प्रधान होता, भोवती मातीचा तट होता आणि तटाला एक वेस होती. त्या वेशीवर राजाच्या आजोबांनी एक शिळा बसवून तिच्यावर एकच ओळ कोरून घेतली होती : 'नगरातील कचरा वेशीबाहेर टाकावा.'

नियम सोपा होता आणि त्या काळी पुरेसाही होता. तेव्हाचा कचरा म्हणजे चुलीतली राख, भाजीची देठे, फुटके मडके, फार तर एखादे विरलेले घोंगडे. त्यातले काही गाय खाई, काही शेळी खाई, आणि उरलेले माती खाऊन टाकी. आजोबांची समजूत अशी होती की, नगर नियमामुळे स्वच्छ राहते. शेळीचे मत कोणी विचारले नाही.

पुढे नगराची भरभराट झाली. रंगाऱ्यांनी रंगशाळा काढल्या, तांब्याच्या भट्ट्या पेटल्या, लांबून लांबून माणसे कामाला आली. नगर इतक्या झपाट्याने वाढले की, नव्या पेठेला नाव सुचायच्या आत लोक तिला जुनी पेठ म्हणू लागत. कचराही वाढला, आणि त्याची जातकुळी बदलली. रंगाचा लाल गाळ आला, भट्टीचा काळा चुरा आला. शेळ्यांनी वास घेऊन पाहिला आणि माना फिरवल्या. राजाला मान फिरवावी लागली नाही, कारण त्याने तिकडे पाहिलेच नव्हते. गाड्या मात्र शिळेवरच्या नियमाप्रमाणे रोज वेशीबाहेर जात आणि रिकाम्या होऊन परत येत.

वेशीबाहेर एक माळीण राहत असे. तिची एक विहीर होती आणि विहिरीवर झेंडूची नि शेवंतीची बाग होती. नगरातल्या देवांना आणि नवरदेवांना तिचीच फुले जात. गाड्या तिच्या कुंपणालगत रिकाम्या होत. पहिल्या हंगामात तिची पांढरी शेवंती गुलाबी फुलली. नगरातल्या बायकांना ती फार आवडली. तिच्यासाठी पळवापळव झाली. दुसऱ्या हंगामात शेवंती फुललीच नाही. माळिणीने विहिरीतून घागर काढली, तर पाणी लाल. ती तशीच घागर डोक्यावर घेऊन ती दरबारात गेली.

"महाराज, हे माझ्या विहिरीचं पाणी."

राजाने घागरीत डोकावून पाहिले. "रंग छान आहे," तो म्हणाला.

"महाराज, प्यायचं पाणी आहे ते."

प्रधान पुढे सरसावला. "बाई, तू राहतेस कुठे?"

"वेशीबाहेर."

"आणि कचरा पडतो कुठे?"

"वेशीबाहेर."

"मग तक्रार कसली? नियमाप्रमाणेच पडतोय की! उलट कचऱ्याच्या जागेत तूच येऊन राहिलेली दिसतेस."

"प्रधानजी, तिथे माझी आजी राहायची. तेव्हा तुमच्या नगरात कचरा करायलासुद्धा पुरेशी माणसं नव्हती."

दरबारात कोणीतरी हसले आणि लगेच खोकला आल्याचे दाखवले. राजा मनाने वाईट नव्हता. दुसऱ्याचे भले व्हावे असे त्याला वाटे, फक्त त्यासाठी कोणाला काही करावे लागू नये, एवढीच त्याची इच्छा असे. "मग तुझं म्हणणं काय?" त्याने विचारले.

कचरा थांबवा, असे माळिणीला म्हणता आले असते. पण ती वैतागली होती. ती म्हणाली, "मग मला वेशीच्या आत घ्या."

ही मागणी सगळ्यांनाच सोयीची निघाली. रंगाऱ्यांना नव्या रंगशाळांसाठी जागा हवीच होती. तट पाडला, वेस उचलली आणि माळिणीच्या बागेपलीकडे नेऊन उभी केली. शिळाही नेली, तिच्यावरची ओळही नेली. दवंडी पिटली गेली आणि माळीण नगरात राहू लागली.

ढीग मात्र जागचा हलला नाही. माळीण पुन्हा प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, ढीग तसाच आहे."

"कुठला ढीग?"

"माझ्या कुंपणाला लागून आहे तो."

"तो आता वेशीच्या आत आला ना?"

"आला."

"वेशीच्या आत कचरा टाकायला मनाई आहे. म्हणजे तिथे कचरा असणं शक्य नाही. तुला दिसते ती टेकडी असेल."

नकाशात तशी टेकडी दाखवण्यात आली. दरबारातली काही मंडळी एका संध्याकाळी तिथे हवा खायला गेली. पुन्हा गेली नाहीत.

आता माळिणीच्या घरचा केरही कुठेतरी टाकायला हवा होता. तिने टोपली भरली आणि नव्या वेशीबाहेर नेली. तिथे एक कुंभार राहत होता. चाकावरचा हात न काढता त्याने वर पाहिले.

"काय माळीणबाई, तुम्हीपण?"

"नियम आहे, कुंभारदादा. मी काय करणार?"

"खरंय. परवापर्यंत तो तुमच्या अंगणात होता, आता माझ्या अंगणात आलाय. फिरता आहे बिचारा."

माळिणीने टोपली उपडी केली आणि मागे न बघता ती घरी आली. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही. टोपली रिकामी झाली होती, हेही खरे.

पुढे कुंभार दरबारात गेला. त्यालाही वेशीच्या आत घेण्यात आले. त्याच्या पलीकडचा घोंगड्या विणणारा गेला, त्यालाही घेतले. होता होता वेस इतक्या वेळा हलली की, गवंड्यांनी तिचे दगड चुन्यात बसवणे सोडून दिले. नुसते रचून ठेवू लागले. नगरात टेकड्यांची संख्या वाढली. परगावचे पाहुणे म्हणत, तुमचा मुलूख मोठा डोंगराळ आहे.

मग एक दिवस वेस हलवायला गेलेले गवंडी ती तशीच परत घेऊन आले. पुढे जागाच नव्हती. पुढे दुसरी एक वेस उभी होती. ती शेजारच्या राजाची. तेही नगर वाढत वाढत इकडे आले होते. त्यांच्याही राजाला आजोबा होते आणि त्यांच्याही शिळेवर तीच ओळ होती. दोन्ही वेशींच्या मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी बोळ उरली होती, आणि तिच्यात दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या.

"बाजूला घे रे. मला बाहेर जायचंय," इकडचा गाडीवान म्हणाला.

"मीपण बाहेरच निघालोय," तिकडचा म्हणाला.

"अरे, मग उलटा कशाला आलास? बाहेर तुझ्या पाठीमागे आहे."

"माझ्या पाठीमागे आमच्या महाराजांची पेठ आहे. बाहेर तुझ्या पाठीमागे आहे."

"माझ्या पाठीमागे माझं घर आहे! तोंड सांभाळून बोल."

बैलांना यातले काही पटले नाही. ते खाली बसले.

गलका ऐकून राजा वेशीवर चढला. समोरच्या वेशीवर दुसरा राजा चढला होता. दोघांनी एकमेकांना रीतसर मुजरा केला.

"आपल्याकडे थोडं बाहेर शिल्लक असेल का?" आपल्या राजाने विचारले.

"तेच आपल्याला विचारायला वर आलो होतो," तो राजा म्हणाला.

दोघांनी मिळून मग चक्रवर्तीकडे अर्ज पाठवला. विषय : नगरास 'बाहेर' मिळण्याबाबत. अर्जाचा निकाल लागेपर्यंत काहीतरी करणे भाग होते. म्हणून प्रधानाने तात्पुरती दवंडी पिटवली : 'निकाल लागेपर्यंत ज्याचा कचरा त्याने आपल्या दारात ठेवावा.' व्यवस्था चार दिवसांचीच, या समजुतीत राजवाडा आणि रंगशाळा यांना सूट लिहायची तो विसरला.

हाहाकार झाला. आपण कचरा करतो हे माणसाला ठाऊक असते, पण त्याची नि आपली पुन्हा भेट होईल अशी अपेक्षा नसते. ती आता रोज सकाळी दार उघडले की होऊ लागली. काहींनी तिन्हीसांजेला शेजारच्या भिंतीवरून टोपल्या भिरकावून पाहिल्या. शेजाऱ्यांनी त्या भर घालून परत केल्या. शेवटी वैतागून लोकांनी देठे-साली एका खड्ड्यात टाकून वर माती ओढली. काही दिवसांनी त्याचे खत झाले, ते माळीण मागून नेऊ लागली. चिंध्या कागद करणाऱ्याने नेल्या. फुटकी खापरे रस्त्यातले खड्डे बुजवायला गेली. भट्टीवाल्यांनी काळा चुरा चाळून पाहिला, तर त्यात तांबे निघाले. ते पाहून त्यांना आनंद झाला, आणि आजवर किती गाड्या भरून पाठवल्या हे आठवून जेवण गेले नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था मोठ्या रंगाऱ्याची झाली. त्याचे घर रंगशाळेच्या पाठीलाच होते. लाल पाणी ओसरीला लागले तेव्हा त्याची बायको बाहेर आली.

"अहो, एक तर हे डबकं राहील इथे, नाहीतर मी."

"अगं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत..."

"निकाल माझ्या माहेरी कळवा."

रंगाऱ्याने त्याच आठवड्यात हौद बांधायला घेतले. एका हौदात पाणी निवळू लागले, खालचा गाळ बाजूला निघू लागला, वरचे पाणी पुन्हा कापडाला वापरता येऊ लागले. तेव्हा त्याला समजले की, इतकी वर्षे आपण अर्धा रंग कापडाला देत होतो आणि अर्धा माळिणीला.

माळिणीच्या विहिरीला नवा गाळ मिळेनासा झाला. पाण्याची लाली थोडी उतरली. झेंडूला ते चालू लागले. माणसाला अजून चालत नव्हते, कारण जुना ढीग, म्हणजे नकाशातली टेकडी, तिथेच होती आणि पावसाळ्यात पाझरत होती.

अशात चक्रवर्तीचा मोजणीदार नकाशाची गुंडाळी घेऊन दरबारात आला.

"अभिनंदन," तो म्हणाला. "बाहेर सापडलं."

डोंगरापलीकडे एक खोरे होते. दोन्ही नगरांचा कचरा तिथे पिढ्यान्‌पिढ्या मावेल, असे त्याचे म्हणणे पडले. राजाने शिक्का मारायचा अवकाश, रस्ता सुरू. दरबार खूष झाला. मोठा रंगारी तर हौद कधी फोडायचे याचा मुहूर्त पाहू लागला.

पण पहिली तक्रार माळिणीची, म्हणून रीतीप्रमाणे तिचाही अंगठा हवा होता. तिला बोलावले. दरबारात मागे कुंभारही येऊन उभा राहिला.

"उठव अंगठा," प्रधान म्हणाला. "तुझी टेकडीसुद्धा उपसून तिकडे नेऊ. दोन पावसाळ्यांत तुझी विहीर स्वच्छ होईल. आणखी काय हवं?"

माळिणीला आणखी काही नको होते. एवढ्याचसाठी ती घागर घेऊन आली होती. तिने अंगठा शाईत बुडवला.

"तिथे कोण राहतं?" तिने सहज विचारले.

"कोणी नाही. जागा रिकामी आहे," मोजणीदार म्हणाला.

अंगठा कागदाजवळ आला आणि थांबला. नकाशावर एक लहानसे निळे वर्तुळ होते.

"हे गोल काय आहे?"

"ते होय? विहीर आहे. चांगली बांधीव आहे. मोजणीच्या वेळी आम्ही तिचंच पाणी प्यायलो. गोड आहे."

"कोणी खणली?"

मोजणीदाराने नकाशाकडे पाहिले. नकाशात तसे काही लिहिलेले नव्हते.

"प्रधानजी," माळीण म्हणाली, "तुमच्या जुन्या नकाशात माझंही असंच गोल असेल ना?"

"माझं तर गोलसुद्धा नव्हतं," मागून कुंभार म्हणाला. "चाक असून."

माळिणीने त्याच्याकडे वळून पाहिले. टोपली उपडी केली होती त्या दिवशी तिने पाहिले नव्हते. मग तिने पदराच्या टोकाला अंगठा पुसला.

"आधी एवढं विचारून या. मग अंगठा देते."

"मग तुझा ढीग तुझ्या कुंपणाला तसाच राहील," प्रधान चिडून म्हणाला. रागाच्या भरात त्याच्या तोंडून ढीग हा शब्द निघून गेला.

"राहू दे. निदान तो कुणाचा आहे हे माहीत आहे."

सगळे राजाकडे पाहू लागले. राजाने शिक्का हातात घेतला होता. "ते पाणी गोड होतं म्हणालात?" त्याने मोजणीदाराला विचारले.

"होय महाराज."

राजाला लाल घागर आठवली. तिच्याविषयी आपण काय बोललो होतो तेही आठवले. त्याने शिक्का खाली ठेवला आणि अर्जावर शेरा लिहिला : 'सदर जागेत विहीर आहे. ती कोणी खणली, याचा खुलासा व्हावा.'

अर्ज चक्रवर्तीकडे परत गेला. चक्रवर्तीने तो खुलाशासाठी खाली पाठवला. खालच्यांनी अधिक माहितीसाठी त्यांच्या खाली पाठवला. ज्यांना विहीर कोणी खणली हे सांगता आले असते, ते बाहेर राहत असल्यामुळे त्यांना कोणी विचारले नाही. तात्पुरती व्यवस्था तूर्त चालू ठेवण्यात आली. रंगाऱ्याने हौद फोडले नाहीत. उलट नातवाला ते दाखवून, ही आपल्या घराण्याची जुनी पद्धत आहे, असे तो सांगू लागला.

माळीण अधूनमधून घागर काढते, पाणी वस्त्राने गाळते, चूळ भरते आणि थुंकते. "अजून नाही," असे म्हणते आणि घागर शेवंतीच्या वाफ्यात रिकामी करते. शेवंती यंदा पांढरी फुलली.

तात्पर्य : आपण ज्याला 'बाहेर' म्हणतो, तिथे कुणीतरी विहीर खणलेली असते.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.