पोटावरचा आवाज

"मग उद्याच्या मोर्चात तुम्ही पुढं असणार की नाही, अप्पा?"

मठाच्या गादीवर बसलेल्या विरूपाक्षस्वामींनी समोरच्या टेकडीकडं पाहिलं.

विचारणारे मन्मथ बिरादार कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मठाचे जुने शिष्य. मठासमोरच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर उभा राहत होता. तो पाडल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही, असं त्यांनी भर चौकात जाहीर केलं होतं. संध्याकाळी मात्र जेवले होते.

"त्या लहरींनी पोटातल्या बाळाला अपाय होतो का रे?" स्वामींनी विचारलं.

"ठामपणे कुणीच सांगत नाही."

"मग?"

"मग काय! ठाऊक नाही, म्हणूनच नको. ज्याचं अंग अजून घडतंय, त्याच्यावर प्रयोग करायचा? कुणाला विचारून?"

स्वामींनी मान हलवली. "हे पटलं."

"आणि अंतराला महत्त्व आहे, अप्पा. जितकं जवळ, तितका मारा जास्त. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं हे. कंपनीवाल्यांना तेवढं कळत नाही!"

मन्मथ यांचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी मागं बसलेल्या सुनेकडं पाहिलं.

"शैलजाचं मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात गेलं. या वेळी मी कसलीच जोखीम घेणार नाही."

शैलजा मान खाली घालून बसली होती. आठवा महिना. आज तिला मठात आणलं होतं ते मोर्चासाठी नव्हे. लिंगायतांत रीत आहे. जन्माआधीच गुरू बाळाच्या नावचं इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचं छोटं शिवलिंग, देतात. ते आईच्या पोटावर बांधायचं. बाळ जन्मलं की ते बाळाचं.

स्वामींनी पांढऱ्या कापडात बांधलेलं लिंग शैलजाच्या सासूच्या, महादेवीबाईंच्या ओंजळीत ठेवलं.

"बांध, आई."

सासू-सुना पडद्याआड गेल्या.

थोडा वेळ नुसतीच कुजबुज. मग महादेवीबाईंचा ओशाळलेला आवाज आला.

"अप्पा... इथं जागा नाही."

"जागा नाही?"

उत्तराआधीच पडद्यामागून एक घोगरा आवाज सुरू झाला. महादेवीबाईंचं बोट कुठंतरी दाबलं गेलं असावं.

"...बाबांनो, बोलणं पुष्कळ झालं. आता गप्प बसायला शिका..."

स्वामींनी दचकून स्वतःच्या ओठांवर हात ठेवला.

आवाज त्यांचाच होता.

"हे... कोण बोलतंय?"

"तुम्हीच, अप्पा!" मन्मथ यांचा चेहरा फुलला. "गर्भसंस्कार! कापडी पट्टा मी स्वतः शिवून घेतला. त्यात मोबाइल, अगदी पोटाला लागून. इंटरनेटवरून तुमची प्रवचनं चालू. बाळ ऐकतच जन्माला येणार. मठाच्या सगळ्या गरोदर लेकी-सुनांना वाटलेत पट्टे."

"सगळ्या..."

"एकही सोडली नाही."

पडदा सरकला. शैलजा बाहेर आली. पदराखालून स्वामी अजून बोलतच होते.

"रात्री तरी काढतेस ना, पोरी?"

"मामा नको म्हणतात. झोपेतच संस्कार मुरतात म्हणे."

"तुला काय वाटतं?"

तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. मग पाहायचं सोडून दिलं.

"तापतो तो, अप्पा. मी सांगितलं होतं घरात. एकदा काढून उशीखाली ठेवला, तर मामा दिवसभर बोलले नाहीत. आणि तुमचा आवाज म्हटल्यावर... काढू कशी? पुन्हा काही झालं, तर म्हणतील, हिनंच काढला होता."

महादेवीबाईंनी तोंडाला पदर लावला.

स्वामी मन्मथ यांच्याकडं वळले.

"मन्मथ, टॉवर कुठं आहे?"

"त्या टेकडीवर. दिसतोय की."

"आणि मी?"

मन्मथ यांची नजर शैलजाच्या पदराकडं गेली.

"सर आहेस ना तू? सांग. मी किती लांब आहे?"

मन्मथ यांनी घसा खाकरला. "पण अप्पा, मोबाइलनं बाळाला अपाय होतो, असं ठामपणे कुणी कुठं..."

वाक्य तिथंच राहिलं. कुणी अडवलं नव्हतं.

स्वामी गादीवरून उठले. खाली उतरले. शैलजासमोर फरशीवर बसले आणि त्यांनी तिला हात जोडले.

"अप्पा!" महादेवीबाई ओरडल्याच. "काय करताय हे? पाप लागेल आम्हाला!"

शैलजा दोन पावलं मागं सरकली. पदराखालचा आवाज चालूच होता.

मन्मथ यांच्या तोंडून सवयीनं तेच बाहेर पडलं.

"पण... टॉवरचं काय, अप्पा? उद्या?"

"तो उद्या पाडू," स्वामी म्हणाले. "आज हिच्या पोटावरून मला उतरव."