तुपकट अंगरख्याची वरात

एकदा काय झालं, एका म्हशीच्या पोटात वरात निघाली. कसली म्हणता? रेड्याच्या बीजाची. डोळ्यांना न दिसणारे, शेपटीवाले नवरदेव! वारूळ फुटावं तशी नुसती झुंबड. आणि नवरी एकच, बरं का. ती म्हणजे अंडं. दूर आतल्या गावी, काचेसारख्या तटामागे बसलेली. वेळेत कुणी पोचलं नाही, तर बिचारी विरून जायची.

त्या वरातीत तीन भाऊ होते. थोरला धावजी, मधला मानाजी, धाकटा गणबा. निघताना बापानं प्रत्येकाला तुपकट अंगरखा चढवला, डोक्याला मुंडासं बांधलं. मुंडाशात तट विरघळवणारा रस.

"तटाला डोकं टेकेस्तोवर मुंडासं सुटू देऊ नका," बाप म्हणाला. अंगरख्याचं काही बोलला नाही. आपली देणगी कुणाला जड होईल, असं बापाला कधी वाटतं का!

मग वाटेत खारट ओढा लागला. त्या खारट पाण्यात तूप सोडवून धावजीनं अंगरखा तिथंच फेकला. "ओझी कसली वाहता रे गाढवांनो?" म्हणाला आणि सुसाट सुटला. अंगरखा उतरला की अंगात वारं शिरतं. पण गाव लांब होतं. निम्म्या वाटेत दम संपला, मुंडासं फुटलं, रस चिखलात गेला. गणबा त्याच्यावरून पुढं गेला. थांबून तरी काय करणार होता?

मग गावची शीव आली. आपल्याकडे नवरदेवाला शिवेवर थांबवतात ना, तशीच तिथली रीत. नवरीच्या आत्याबाई उभ्याच होत्या. त्यांनी एकेकाला धरून भिंतीशी टेकवलं आणि अंगरख्याचं तूप खरवडायला घेतलं.

"अहो आत्याबाई, सोडा की! नवरी खोळंबलीय," गणबा कळवळला.

"खोळंबू दे. असा माखलेला गेलास तर तट तुला ओळखायचा नाही."

"पण बापाचा वास जाईल हो."

"जाऊ दे. त्यासाठीच धरलंय."

मानाजी भडकला. "आमच्या बापाची देणगी उतरवणाऱ्या तुम्ही कोण?" हिसडा मारून अंगरख्यासकट निसटला. बाजारात बैलाला तेल चोपडून उभं करतात, बरं का. गिऱ्हाईक भुलतं, नांगर भुलत नाही.

गणबाचं तूप थराथरानं गेलं. फार झोंबलं. मग उघड्या अंगाची शेपटी चाबकासारखी उसळली. आत्याबाईंनी हात काढला. "नीघ. माघारी वाट नाही, बाबा."

तटाशी मानाजी डोकं आपटत होता. तट ओळख देईना, मुंडासं सुटेना.

"गणबा, मला पण ने रे!"

"दादा, अंगरखा काढ!"

"निघत नाही रे आता."

घाईनं निघत नाही तो. खारट ओढा मागं पडला की त्याला आत्याबाईच लागतात.

गणबानं डोकं टेकलं. मुंडासं सुटलं, रस पाझरला, भोक पडलं. तो आत शिरला आणि मागं सगळा तट दगडासारखा आवळला. बाहेरून मानाजीच्या धडका येत राहिल्या. मग हळू झाल्या. मग थांबल्या.

नवरीनं गणबाला पोटाशी घेतलं. मग गणबा उरला नाही, नवरीही उरली नाही. दोघांचं मिळून रेडकू झालं. रेडकू पोटभर दूध प्यालं, म्हैस निवांत रवंथ करत बसली, धनी खूश झाला. वरातीचं नाव कुणी काढलं नाही. रेडकानंसुद्धा नाही.

चला, मिटा डोळे.