बत्तीस की चौसष्ट?

कॉलेजच्या नव्या संगणकांवर पूरनकाशाचं सॉफ्टवेअर चालेना, तेव्हा भूगोलाच्या धारूरकर मॅडम थेट प्राचार्यांच्या दालनात गेल्या. नकाशा वेळेत झाला नाही, तर नदीकाठची कोणती घरं आधी हलवायची हे कळणार नव्हतं.

संगणक पुरवले होते गुलाबराव डंबळ यांनी. ते संस्थेचे संचालकही असल्यामुळे त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे. प्राचार्य बाजूला उभे होते आणि गुलाबराव त्यांच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते.

“हे सॉफ्टवेअर चौसष्ट बिटच्या सिस्टिमवरच चालतं. तुम्ही बत्तीस बिटची बसवून दिलीत,” मॅडम म्हणाल्या.

“सिद्ध करा!” गुलाबराव गरजले.

मॅडमनी टेबलावरच्या नव्या संगणकाच्या सेटिंग्ज उघडल्या आणि ‘सिस्टिम’मध्ये जाऊन ‘अबाउट’वर क्लिक केलं. पडद्यावर माहिती आली: ऑपरेटिंग सिस्टिम बत्तीस बिट, प्रोसेसर चौसष्ट बिट.

“दिसलं ना चौसष्ट?” गुलाबराव हसले. “भूगोलवाल्यांनी आपला भूगोल शिकवावा!”

“चौसष्टचा प्रोसेसर आहे, साहेब. त्यावर बसवलेली सिस्टिम बत्तीसचीच आहे,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “आत्ता तुम्ही प्राचार्यांच्या खुर्चीत बसला आहात. म्हणून काय तुम्ही प्राचार्य झालात?”

प्राचार्यांना हसू आवरेना. गुलाबराव उठले आणि दाराशी जाऊन त्यांनी आपल्या तंत्रज्ञाला फोन लावला. दुसऱ्याच दिवशी सगळ्या संगणकांवर चौसष्ट बिटची सिस्टिम बसली.

त्या वर्षी नदीचं पाणी वस्तीत शिरलं, तेव्हा माणसं आधीच टेकडीवरच्या शाळेत पोहोचली होती.