धूर नसलेलं घर

फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या मधोमध एक दगडी चर्च होतं. दर नाताळाला दुपारी चर्चच्या आवारात प्रीतिभोजन व्हायचं. गरीब-श्रीमंत सगळे एकत्र जेवायला बसायचे, आणि यजमानपण दरवर्षी एका नव्या घराकडे जायचं.

या जेवणाची एक रीत होती. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी घरोघरच्या चुली विझवायच्या, सारवून ठेवायच्या, आणि सणाच्या दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी विस्तव करायचा नाही. त्या दिवशी गावाची चूल एकच, चर्चच्या आवारातली. पंगत बसली की यजमान घंटेच्या मनोऱ्यावर चढून घरांची छपरं न्याहाळायचा. कुठे धूर दिसला, तर तिथे कुणीतरी रुसून नाहीतर आजारी पडून मागे राहिलंय असं समजायचं. मग यजमानानं स्वतः जायचं आणि हात जोडून त्या माणसाला घेऊन यायचं. तो "सगळी आली" म्हणाला, की चर्चचे पाळक प्रार्थना करायचे आणि मगच पहिला घास तोंडात जायचा.

एका वर्षी यजमानपण एका बागायतदाराकडे आलं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दिलदार होता, कामाला वाघ होता. फक्त चारचौघांत आपलं नाव व्हावं ही हौस भारी. हौसेला मोल नसतं म्हणतात. याच्या हौसेचं मोल मात्र भलत्याच माणसाला चुकवावं लागलं.

ओढ्यापलीकडे एक म्हातारी एकटीच राहायची. तिचं नात्यागोत्याचं कुणी उरलं नव्हतं. नाताळाच्या आधीच्या रविवारी बागायतदार तिच्या दारावरून चालला होता, तेव्हा तिनं त्याला हाक मारली.

"औंदा गुडघ्यानं दगा दिला रं बाबा. वढा वलांडून यायला व्हायचं न्हाई. कुणाला तरी धाडशील का?"

"कुणाला कशाला, आजी? मी स्वतः बैलगाडी घेऊन येतो की. तुला पंगतीत अगदी पुढे बसवतो."

म्हातारीचा चेहरा फुलला. वर्षभर एकटीनं जेवणाऱ्या माणसाला पंगतीचं काय अप्रूप असतं, ते त्यालाच ठाऊक.

नाताळ उजाडला तो कडाक्याची थंडी घेऊन. बागायतदार पहाटेपासून आवारात राबत होता. मटणाचा रस्सा रटरटत होता, भाताची पातेली उतरत होती. तेवढ्यात निरोप आला, की त्यानं मुद्दाम बोलावलेले तालुक्याचे बडे पाहुणे फाट्यावर येऊन थांबलेत. त्यानं बैलगाडी तिकडे हाकली. पाहुणे आले, हारतुरे झाले, आणि ओढ्यापलीकडे जायचं राहिलं ते राहूनच गेलं.

पंगत बसली. रीतीप्रमाणे तो मनोऱ्यावर चढला. एकाही घरावर धुराची रेघसुद्धा नव्हती. पण ओढ्यापलीकडचं छप्पर दिसलं तशी त्याच्या मनात पाल चुकचुकली. तोच खालून बायकोनं विचारलं, "अहो, पलीकडच्या आजींना आणलं का?"

तो घुटमळला. आता गाडी जुंपून जायचं म्हणजे रस्सा गार होणार, पाहुणे ताटकळणार, आणि यजमान दिलेला शब्द विसरला हे उभ्या गावाला कळणार.

"तिच्या घरावर धूर कुठाय?" तो म्हणाला. "आली असेल कुणाच्या तरी सोबतीनं. बसली असेल बायकांत."

खाली येऊन त्यानं पाळकांना सांगितलं, "सगळी आली."

"नक्की ना?" पाळकांनी विचारलं.

"सगळी आली म्हटलं ना!" तो जरा मोठ्यानंच म्हणाला.

जेवण फक्कड झालं. पाहुणे बोटं चाटत उठले, गावानं वाहवा केली. वाढता वाढता बागायतदाराची नजर बायकांच्या पंगतीवरून फिरली खरी, पण ती भरभर फिरली. म्हातारी दिसली नाही तर काय करायचं, याची त्याला भीती वाटत होती. पाहुण्यांना पोचवून येईपर्यंत अंधार पडला. सकाळी डबा घेऊन जाऊ, असं त्यानं मनाशी ठरवलं, आणि तेवढ्यावर त्याला झोपही लागली.

सकाळी तो डबा घेऊन ओढा ओलांडून गेला. दार सताड उघडं होतं. म्हातारी दाराकडे तोंड करून भिंतीला टेकून बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, केस नीट विंचरलेले, मांडीवर फडक्यात बांधलेलं ताट आणि पेला. त्यानं हाक मारली. मग खांद्याला हात लावला. अंग गार पडून ताठरलं होतं.

चूल स्वच्छ सारवलेली होती. शेजारी सरपण रचलेलं, डब्यात पीठ, कोनाड्यात काडेपेटी. तरी दोन रात्रींच्या थंडीत तिनं विस्तव केला नव्हता. सणाच्या दिवशी आपल्या छपरावर धूर दिसायला नको, आणि गाडी तर येणारच होती.

बागायतदारानं हातातला डबा खाली ठेवला. म्हातारीनं रीत मोडली असती, तर त्याला धावत यावंच लागलं असतं. तिनं रीत पाळली आणि ती मेली. हे ध्यानात आलं तेव्हा तो हंबरडा फोडून रडला.

पाळक आले तेव्हा तो त्यांच्या पायाशी पडला. "मला शंका आली होती. मी ती दाबून टाकली. मला शिक्षा द्या."

पाळकांनी त्याला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "शिक्षा कुणाकुणाला देऊ? सगळं गाव जेवलं. आपल्याशेजारी कोण बसलेलं नाही, हे कुणीच पाहिलं नाही. मीही नाही."

म्हातारीच्या मातीला सारं गाव आलं. जिवंतपणी तिच्या दारी एवढी माणसं कधी जमली नव्हती.

बागायतदारानं पुढे जन्मभर दानधर्म केला. अडल्यानडल्याच्या दारी न सांगता गाडी पाठवली. लोक त्याला भला माणूस म्हणायचे, आणि तो मान खाली घालून ऐकायचा. ज्या एका दारी गाडी जायला हवी होती, तिथे आता कुणी राहत नव्हतं.

तात्पर्य: जो गाऱ्हाणं करत नाही, त्याचं सारं ठीक आहे असं धरून चालू नये. मनात शंका आली, की उठावं आणि त्याच्या दारापर्यंत जाऊन यावं.