शून्याचा दगड

या मुलखात डांबर यायच्या कितीतरी आधी कुरणपूरच्या पेठेत एक मैलाचा दगड रोवलेला होता. बैलगाड्या, टांगे, मग एसटी, मग ट्रक, सगळा हमरस्ता त्याच्यासमोरून गेला. त्याच्या पोटावर आकडा एकच होता, शून्य. गाव इथेच, असा त्याचा अर्थ.

पुढे गावाबाहेरून बायपास निघाला. बायपाससाठी घडवलेला एक नवा दगड रंग वाळेपर्यंत जुन्याशेजारी आणून ठेवला. डोकं पिवळंधमक, खाली ठळक अक्षरांत ‘कुरणपूर ६’.

“आजोबा, आता सगळ्या गाड्या माझ्यासमोरून जाणार,” नवा म्हणाला. “मला सहा मिळाले. तुम्ही इतकी वर्षं उभे राहून शून्यावरच.”

“जातील खऱ्या,” जुना म्हणाला. “माझ्यापाशी थांबायच्या. चहा पिऊन, भाजी घेऊन, सोयरिकी जमवून मग निघायच्या.”

तेवढ्यात रस्ते खात्याचे साहेब आले. रंगारी यमाजीला म्हणाले, “हा जुना उपटून टाका. हमरस्ता गेला, आता याचं इथे काय काम?”

नव्याला मनातून बरं वाटलं.

यमाजीने पहार उचलली, पण दगडाला लावली नाही.

“उपटतो, साहेब. फक्त एक सांगा. त्या नव्यावरचे सहा मी याच दगडापासून मोजलेत. हा गेल्यावर ते कुठून मोजायचे?”

साहेबांनी एकदा या दगडाकडे बघितलं, एकदा त्या दगडाकडे.

“आजोबा,” नवा दगड हळूच म्हणाला, “पाय घट्ट रोवून उभे राहा.”