पोटाला कमळं असलेल्या पायऱ्या

फार मागची गोष्ट. पोरांनो ऐका, थोरांनो तर ऐकाच.

एका नगरात नदीकाठची धर्मशाळा पुरात कोसळली. दगड मोठे देखणे, प्रत्येकावर कमळ कोरलेलं. लोक म्हणाले, "पाणी ओसरू दे, पुन्हा बांधू." बांधतंय कोण! एकेक करून दगडच नाहीसे झाले.

जवळच्या गल्लीत मडकी विकणारी एक विधवा राहायची. तिनंही एक दगड आणला. दोन धोंड्यांवर उंच ठेवला, कमळ रस्त्याकडे करून. येणाराजाणारा डोक्यावरचा भारा तिथं टेकवायचा, घाम पुसायचा.

समोरच्या शेटाणीला ते बघवेना. "धर्माचा दगड चोरलास? हाकला गं हिला!"

सगळी गल्ली ओरडली, "हाकला!"

विधवा म्हणाली, "काकी, भर दुपारी आणला. तुम्हीच बाजूला होऊन वाट दिलीत की!"

म्हातारा न्यायाधीश आला. चोरी ठरली तर बाईनं आजच नगर सोडायचं, असं ठरलं. बिचारीनं चूल विझवली, मडकी बांधायला घेतली.

न्यायाधीश जोड्यातला खडा काढायला शेटाणीच्या पायरीवर टेकला. उठताना त्यानं पायरीची कड धरली. बोटं खाली गेली आणि थबकली.

"शेटाणीबाई, पायरीच्या पोटाला पाकळ्या कशा?"

"गवंड्यानं... बसवली असेल."

"पहार आणा."

पायरी उलटली. कमळ! शेजारची उलटली. कमळ! साऱ्या गल्लीत एक दार सुटलं नाही. कुणी कुणाकडे बघेना. शेटाणीनं पदर हनुवटीपर्यंत ओढला.

न्यायाधीश म्हणाला, "बाई इथंच राहील. आणि तुमच्या पायऱ्याही इथं आहेत तोवर अशाच राहतील, कमळ वर."

आता कमळावर पाय कोण देणार? ज्यानंत्यानं उडी मारून आपल्याच घरात शिरायचं. परका माणूस विचारी, "का हो, या गल्लीतले सगळे उड्या का मारतात?" ज्याला विचारलं तो उडी मारून घरात शिरे.

आठव्या दिवशी शेटाणी विधवेच्या दारात आली. मान वर होत नव्हती. "दगड नदीवर न्यायचाय. एकटीला उचलत नाही गं."

"धरते मी एक टोक. पण काकी, भर दुपारी न्यायचा."

त्या दोघींच्या मागून सारी गल्ली दगड घेऊन निघाली. धर्मशाळा उभी राहिली.

तात्पर्य: दहा जणांच्या उपयोगाचं आणून आपल्या दाराशी पुरलं, की आपल्याच घरात शिरायची लाज वाटते.